दुसरा भोंगा

जुन्नर, ३ नोव्हेंबर

रत्ना,

वर 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं आणि कागद बदलला. आशीर्वाद द्यायचा हक्क मला राहिला आहे का ते तू ठरव. मामा आहे एवढं मात्र खोडता येत नाही.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे अर्धी रिंग वाजते आणि बाई बोलायला लागते. अर्धी रिंग ब्लॉक केलेल्या नंबरची असते हे माझ्या कानांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. आठ वर्षं मी ती बाई ऐकतोय. ती काही थकत नाही, म्हणून हा कागद.

कामाचं लिहितो. तू महाराष्ट्राच्या सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाची कोच झालीस हे पेपरात वाचलं. कात्रण दुकानात काउंटरमागं लावलंय, 'गोरख साउंड अँड मंडप'च्या कॅलेंडरशेजारी. गिऱ्हाईक विचारतं, "ही कोण?" मी म्हणतो, "भाची." ते म्हणतं, "भारताकडून सगळ्यात जास्त गोल केले ती? येते का इकडं?" मी म्हणतो, "बिझी असते," आणि गिऱ्हाइकाला झुंबरांचे फोटो दाखवायला लागतो.

तर आहुप्याच्या आश्रमशाळेत अक्षदा नावाची मुलगी आहे. ठकूबाईची नात, दहावीत. परवा शाळेच्या कार्यक्रमासाठी मंडपाचं माप घेत होतो. पाठमोरा होतो. मागून चेंडूचा आवाज आला आणि टेप हातातून सुटली. कापणी झालेल्या खाचरात तू आणि भागू खेळायचात तेव्हा एक गोल बांधाकडं असायचा न् एक कड्याकडं. कड्याकडं चेंडू उंच मारला की गेला कोकणात. आणायला अख्खा दिवस. म्हणून तुम्ही पोरी जमिनीलगतच मारायला शिकलात. पुढं भारताकडून तू पंचावन्न गोल केलेस, त्यातला एकही गोलकीपरच्या छातीच्या वर गेला नाही. टीव्हीवरचे लोक त्याला स्टाइल म्हणायचे आणि मी इकडं हसायचो. तर तोच आवाज होता. आखूड, जड, भरल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. वळून पाहिलं तर ही पोरगी.

तुझी ट्रायल तीस तारखेला, पुण्यात. पुढच्या वर्षी अक्षदाचं वय बसत नाही. म्हणजे हीच ट्रायल, नाहीतर काहीच नाही. फॉर्मवर क्रीडाशिक्षिकेची सही लागते. क्रीडाशिक्षिका भागू आहे, आणि ती सही करत नाही.

तिला निवड असं मी म्हणत नाही. तेवढा हलका मी नाही आणि तेवढी कच्ची तू नाहीस. भागूला फक्त एक ओळ लिही.

लंकाआक्का बरी आहे. तुझ्याकडं दिवाळी करून परत आली, मला चकल्या दिल्या आणि तू स्वतः तळल्यास म्हणाली. तुझी आई झाली तरी ती माझी बहीण आहे. दुकानच्या चकलीचा आवाज मला ओळखू येतो.

गोरखमामा


जुन्नर, ११ नोव्हेंबर

रत्ना,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "सहीशिवाय फॉर्म घेता येणार नाही. भागूला मी लिहिणार नाही." पहिली ओळ कोचची, तिला माझा सलाम. दुसरी ओळ आहुप्याच्या पोरीची.

आठवड्यात तीनदा शाळेत जाऊन आलो. काल भागू म्हणाली, "मामा, तुमी डिझेल जाळू नका. तिच्या दारात माझी पोरगी पाठवणार नाय."

"अगं, पोरीचं वर्ष जाईल."

"वर्षं माझीबी गेली."

"तिच्यावर राग आहे का माझ्यावर?"

"राग कुठला आलाय? तास हाय माझा. सरका, रेषेवर उभं हायसा तुमी."

तुला वाटेल मामा सगळं विसरून साळसूदपणे पत्रं लिहितोय. विसरलो नाही. माइकमागून मला जसं दिसलं तसं लिहितो.

तो सामना परदेशात होता. आधीच्या विक्रमवाल्या बाईंचे चोपन्न गोल, तुझेही चोपन्न. भागूचा भारताकडून सहावा सामना. तिच्या नावावर एकही गोल नव्हता. मी आहुप्यात शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला, डिश लावली, जनरेटर नेला. अख्खं गाव बसलेलं. त्र्याहत्तराव्या मिनिटाला कॉर्नरवरून चेंडू तुझ्या डाव्या पायावर आला, तू मारलास. भागू गोलसमोर उभी होती, चेंडू तिच्या पायाजवळून गेला आणि आत. चित्रात नुसत्या पाठी दिसल्या, त्यात डिशचं चित्र फाटलं. पण मी दोन आवाज ऐकले. एक जड, तुझ्या पायाचा. त्यामागून एक हलका, टप. मी तिथल्या तिथं म्हणालो, "शेवटी भागूला लागलाय." पंचांनी तुझ्या नावावर दिला. पंचावन्न. दहा मिनिटांनी तुझा गुडघा गेला आणि पुन्हा तू भारताकडून गोल केला नाहीस. म्हणजे सगळा विक्रम त्या एका गोलावर उभा.

तीन आठवड्यांनी गावानं सत्कार केला. तुझ्या पायाला पट्टा, डोक्याला फेटा. शेजारी भागू, तिलाही फेटा. माइक अर्थात माझ्या हातात. मी म्हणालो, "मंडळी, गोल रत्नाच्या नावावर, पण पाय भागूचा! दिल्लीवाल्यांना दिसलं नसंल, गोरखच्या कानाला ऐकू आलंय!" काय टाळ्या पडल्या. शिट्ट्या, हशा. तू हसली नाहीस. भागूकडं वळून हळू विचारलंस, "लागला व्हता?" माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. भागू समोर बघत राहिली. तू पुन्हा विचारलंस. मग फेटा काढून आक्काच्या हातात दिलास आणि लंगडत गाडीकडं गेलीस.

मी गंमत केली होती. गंमतच होती ती. आणि जे ऐकलं तेच बोललो होतो.

अजून काही लिहायचं होतं. राहू दे. दुकानात लग्नवाले आलेत, नवऱ्यापेक्षा त्यांना डीजेची घाई आहे.

गोरखमामा


बेल्हे, १७ नोव्हेंबर

रत्ना,

बैलबाजारात टेम्पोच्या सीटवर बसून लिहितोय. गेल्या पत्रात जे राहू दिलं ते आठवडाभर मला बसू देत नाही. मंडपाच्या कनाती उलट्या लावल्या, एका नवरदेवाला दुसऱ्याच्या नावाची कमान लावली. तो म्हणाला, "गोरखशेठ, आमच्या बायकूचं नाव तरी बरूबर ठेवायचं!"

गेल्या पौषात याच बाजारात मी स्पीकर लावला होता. एक भोंगा इथं गेटवर, दुसरा पार तिकडं टेम्पोंच्या रांगेपलीकडं. कुशाबा म्हणून बैलांचे व्यापारी आहेत. त्यांचा खोंड दावं तोडून पळाला, ते पुकारायला आले. माइकवर बोटानं टकटक केलं.

"गोरखशेठ, माइक बिघडलाय राव तुमचा."

"काय झालं?"

"मी एकदाच वाजिवलं, दोनदा ऐकू येतंय."

मी हसत म्हणालो, "बिघडला नाही पावणं. लांबच्या भोंग्याचा आवाज मागून येतो. जवळचा जड, लांबचा हलका."

माझेच शब्द माझ्या कानात गेले आणि मी खाली बसलो. कुशाबांनी खोंड सोडून मला पाणी आणलं.

रत्ना, त्या दिवशी आहुप्यातही दोन भोंगे होते. सुरुवातीला एकच चालू होता. मागं बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या ओरडायला लागल्या, "आमाला काय आयकू येत न्हाई रं गोरख!" म्हणून दुसरा भोंगा शाळेच्या पलीकडच्या आंब्यावर चढवून मी जोडला. किती वाजता जोडला ते पक्कं सांगतो, कारण जोडून परत येताना भिंतीवरच्या चित्रातलं सामन्याचं घड्याळ पाहिलं होतं. सत्तरावं मिनिट. गोल त्र्याहत्तराव्याला. त्या तीन मिनिटांत गाव नुसतं ओरडत होतं, मला दुसरं काही नीट ऐकू आलं नाही. नीट ऐकू आला तो तोच एक फटका. जवळून जड, लांबून हलका.

घरी येऊन तुझ्या गोलचा व्हिडिओ मोबाईलवर शोधला, हेडफोन लावले. अकरा वेळा ऐकला. एकच आवाज आहे. तुझा.

हे मला पौषात कळलं आणि मी कार्तिकात लिहितोय. तीन नोव्हेंबरला पहिलं पत्र टाकलं तेव्हाही खिशात हेच होतं. वर अक्षदा ठेवली. पोरगी खरीच आहे, तिच्या पायाचा आवाजही खरा आहे, पण मी तिच्याआड उभा राहिलो.

आणि एकदा लिहायलाच बसलोय तर हेही. सामन्यानंतर तू दवाखान्यातून टीव्हीवर बोललीस. शाळेच्या सरांचं नाव घेतलंस, आईचं घेतलंस, संघाच्या कूकचंही घेतलंस. माझं नाही. मढ गावातून सायकलला एक भोंगा बांधून जुन्नरला आलेला मी. तुझे पहिले बूट मी आणले, जिल्ह्याच्या मॅचला टेम्पोतून मी नेलं. सत्काराच्या दिवशी माइक हातात घेतला तेव्हा ती कूक माझ्या डोक्यात होती. गंमत केली म्हणालो ना गेल्या पत्रात. ती गंमत नव्हती. तुला जरा खाली घ्यायचं होतं. ऐकण्यात चूक झाली ती वेगळी, बोललो ते वेगळं.

आता भागूला सांगायचं आहे. तिच्या नावावर भारताचा एक गोल आहे, तो मी दिलेला आहे आणि मलाच काढून घ्यायचा आहे. शाळेच्या भिंतीवर पाटीसुद्धा मीच स्वखुशीनं रंगवून दिली होती: 'क्रीडाशिक्षिका भागू, माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू, सामने ६, गोल १.' पोरी रोज सकाळी तिच्यासमोर रांगेत उभ्या राहतात.

चार वेळा गाडी घोडेगावपर्यंत नेली आणि वळवली.

गोरखमामा


आहुपे, २४ नोव्हेंबर

रत्ना,

सांगितलं.

मधल्या सुट्टीत गेलो. भागू सायकलच्या पंपानं चेंडूत हवा भरत होती. म्हणाली, "खुर्ची घ्या मामा." म्हणालो, उभाच बरा. मग भोंगे, आंबा, सत्तरावं मिनिट, कुशाबांचं बोट, सगळं सांगितलं. ती हवा भरत राहिली. चेंडू दाबून बघितला, अजून दोन हात मारले.

"झालं सांगून?"

"झालं."

"मला लागला नव्हता, मामा."

"म्हणजे तुला..."

"पाय माझा हाय. मला नाय कळणार व्हय?"

रत्ना, एवढी साधी गोष्ट. आठ वर्षं मी माझे कान कुरवाळत बसलो, तिच्या पायाला विचारावं असं एकदाही मनात आलं नाही.

म्हणालो, "अगं मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"माझा बा पुढच्या रांगेत बसलेला. तुमी माइकवर माझं नाव घेतलं तवा त्यानं टोपी काढून वर फेकली. माझ्या बानं! लग्नाला जरी गेला तरी मागल्या भिताडाला टेकून बसणारा माणूस. रत्ना इचारत व्हती तवा मी त्या टोपीकडं बघत व्हते. म्हटलं, खाली पडू दे, मग सांगते." पंप गुंडाळून ठेवला. "पुढल्या उन्हाळ्यात बा गेला. मग कुणाला सांगायचं? आणि कोणत्या तोंडानं? तुमाला आठ वर्षांनी कळलं, तुमी सुटलात. मला त्याच मिन्टाला ठावं व्हतं."

मग तिनं ड्रॉवरमधून अक्षदाचा फॉर्म काढला. सगळा भरलेला होता, तिच्या सुवाच्य अक्षरात. कधीचा भरून ठेवला असेल देव जाणे. खाली एक चौकट: क्रीडाशिक्षकाचा स्वतःचा अनुभव, आंतरराष्ट्रीय सामने, गोल. सामन्यांपुढं ६. गोलपुढं कोरं.

"याच्यापायी सही राहिलीया," म्हणाली. "एक लिवलं तर रत्ना बघंल. शून्य लिवलं तर पोरी इचारतील, भितीवर एक कसा?"

"भिंत मी पुसतो."

"पुसा. पण आत्ता. पोरी असताना."

तर तुझा मामा, अठ्ठावन्न वर्षांचा, स्टुलावर चढून पांढऱ्या रंगाचा ब्रश घेऊन उभा. खाली चाळीस पोरी. सगळं गाव मी माइकवर हलवलंय, पण चाळीस पोरींपुढं ब्रश नुसता डब्यात बुडवत राहिलो. एक बारकी म्हणाली, "मामा, बाईंचा गोल का खोडताय?"

म्हणालो, "तो त्यांचा नव्हता. रत्नाचा होता. मी चुकीचं ऐकलं आणि चुकीचं बोललो."

पोरी भागूकडं बघायला लागल्या. ती मान खाली घालून नाही उभी राहिली. म्हणाली, "आणि मला म्हायती व्हतं, तरी मी गप बसले." बस, एवढंच.

मग अक्षदा म्हणाली, "बाई, म्हंजे एकबी गोल न करता तुमाला सहादा घेतलं भारतात?"

"व्हय."

"लई भारी खेळत असाल मग!"

भागू हसली का काय ते स्टुलावरून दिसलं नाही. 'गोल'पुढं मी ० काढला. जरा वाकडा आला.

सही अजून झालेली नाही. विचारलं तर म्हणाली, "बघू." शाळेकडून फॉर्म आधी पाठवायची मुदत उद्या संपते. तुमच्या ऑफिसच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, ट्रायलच्या दिवशी दहाच्या आत मूळ फॉर्म मैदानावर दिला तरी चालेल. म्हणजे अजून सहा दिवस. मी आक्काकडं मुक्काम टाकलाय. ती म्हणते, "किती येरझाऱ्या घालशील? माझं अंगण खचंल."

गोरखमामा


पुणे, ३० नोव्हेंबर, सकाळी

रत्ना,

मैदानाबाहेर टेम्पोत आहे. हे पत्र टपालात टाकण्यात अर्थ नाही, तू दोनशे पावलांवर आहेस. पण हात थांबत नाही.

पहाटे अक्षदाला घ्यायला गेलो तर भागू तिच्याबरोबर बॅग घेऊन उभी. सही केली का विचारलं. "गाडी काढा," म्हणाली. मंचर गेलं, खेड गेलं, मी आरशातून बघतोय, फॉर्म मांडीवर तसाच. अक्षदा खिडकीबाहेर बघत नखं खात होती. चाकणच्या अलीकडं ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली तेव्हा मागून पेनाच्या टोपणाचा आवाज आला. मी वळलो नाही. नंतर फॉर्म तिनं माझ्यापुढं धरला. सही होती, आणि गोलपुढं आकडा नाही, अक्षरात लिहिलेलं: शून्य.

"अक्षरात का गं?"

"आकड्याच्या म्होरं कुणी एक काढला तर?" म्हणाली. "तुमचा काय भरवसा!"

मला हे लागायला पाहिजे होतं. त्याऐवजी इतकं हसू आलं की मागचा ट्रकवाला हॉर्न मारायला लागला.

साडेनऊला अक्षदा फॉर्म घेऊन आत गेली. भागू गेटच्या बाहेर थांबली. म्हटलं, "जा की आत." "मला कुणी बोलावलं नाय." मी बोलावून आणू का म्हणालो, तर असं बघितलं की गप्प टेम्पोत येऊन बसलो.

आत मैदानाकडेच्या टेबलाशी अक्षदा दिसतेय. तू फॉर्म वाचतेयस. वाचायला इतका वेळ लागत नाही. खालच्या चौकटीपाशी पोचली असशील. अक्षदाला काहीतरी विचारलंस, ती बोटानं गेटकडं दाखवतेय. तिला आत पळायला सांगितलंस. गेली पोरगी, बुटाच्या नाड्या सुटलेल्या तशाच.

फॉर्म हातात घेऊन तू निघालीस. डावा पाय अजून ओढतेस, तरी शिट्टी काढून शेजारच्या माणसाकडं दिलीस म्हणजे यायचंच आहे तुला. भागूनं पाहिलंय. पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. ती जागची हलली नाही, पण मागंही सरकलेली नाही.

टेम्पो गेटला फार जवळ लावलाय मी. तुम्ही दोघी कितीही हळू बोललात तरी इथं शब्दन् शब्द ऐकू येईल. काच वर घेतो आहे.